नवीन श्रवणयंत्र: पहिल्या दिवसापासून दिवसभर लावावे की गरजेपुरतेच?

नदीकाठ
नमस्कार. महिन्याभरापूर्वी मी दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्रे घेतली. माझे वय ६९ आहे. ऑडिओग्रामप्रमाणे (कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा झाल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख) १००० हर्ट्झपर्यंत माझे कान बरेचसे शाबूत आहेत; त्यापुढे मात्र रेषा उतरत उतरत ४००० हर्ट्झला ६५ डेसिबलवर येऊन थांबते. त्यामुळे समोरचा माणूस बोलतो आहे हे मला नेहमी कळत असे, काय बोलतो आहे ते मात्र कळत नसे, आणि दुकानदाराने सात रुपये मागितले की साठ याचा निर्णय मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून करत असे. यंत्रे कानामागे बसणारी, बारीक तारेने स्पीकर कानात जाणारी आणि चार्जिंगवर चालणारी आहेत.

आता अडचण सांगतो. माझा स्वतःचा आवाज मला माठात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. सौ. ओट्यावर ताटल्या रचायला लागली की दचकायला होते, आणि वर्तमानपत्राचे पान उलटले तरी कानात करकर होते. मागच्या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा पंगतीत बसल्यावर सगळीकडून इतका गलका आला की मी यंत्रे काढून खिशात ठेवली आणि पुढचे जेवण शांतपणे केले.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणे तपासून यंत्र बसवून देणारे तज्ज्ञ, म्हणतात की सकाळी तोंड धुतल्यापासून झोपेपर्यंत यंत्र कानातच हवे. आमचे शेजारी चार वर्षांपासून यंत्र बाळगून आहेत. त्यांचे म्हणणे असे की घरी बायकोचे बोलणे ऐकायला यंत्र कशाला, बाहेर पडताना लावले की पुरे. अनुभवी सभासदांनी यात बरोबर कोण ते सांगावे, आणि हा त्रास किती काळ सोसायचा असतो तेही सांगावे.

टवाळ
शेजारी यंत्र ‘बाळगून’ आहेत हा शब्दप्रयोग आपण नकळत केला असला तरी अचूक आहे. ते कपाटात असणार, पैज लावायला मी तयार आहे.

मधुमालती
मी शाळेत शिकवत असतानाच यंत्र लावायला सुरुवात केली होती, त्यामुळे थोड्या अधिकाराने लिहिते. शेजाऱ्यांचा सल्ला बरोबर उलटा आहे. लग्न, बाजार, बसस्थानक या ऐकण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड जागा. यंत्र फक्त तिथेच लावायचे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याने पहिली उडी पुराच्या पाण्यात मारण्याचा हट्ट धरण्यासारखे झाले. घर ही खरी शिकण्याची जागा आहे. पंखा, फ्रिज, नळ, चपलांचा आवाज, पावसाची पत्र्यावरची तडतड हे सगळे आवाज कित्येक वर्षांनी परत आलेले असतात आणि त्यांतले कोणते सोडून द्यायचे हे मेंदूला नव्याने ठरवावे लागते. घरात दिवसभर ते कानावर पडले तरच तो ते ठरवतो.

मी सुरुवातीला सकाळी एकटीच बसून वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचत असे. त्याने स्वतःच्या आवाजाशी ओळख होते. मग एका माणसाशी शांत खोलीत बोलणे, मग दोघांशी, मग दूरदर्शनवरच्या बातम्या, आणि रस्ता त्यानंतर. दुपारी डोके जड झाले तर अर्धा तास यंत्र काढून ठेवायला हरकत नाही, पण ते पुन्हा लावायचे हे आधीच ठरलेले असावे.

रोखठोक
दिवसभर लावा हे सांगणे सोपे आहे. माझ्या वडिलांना आम्ही बरीच मोठी रक्कम मोजून यंत्रांची जोडी घेऊन दिली. गाव सांगोल्याच्या पुढे, आणि दुकान सोलापुरात. प्रत्येक वेळी तक्रार घेऊन गेलो की तिथला माणूस संगणकावर दोन कळा दाबायचा आणि ‘सवय होईल’ म्हणून वाटेला लावायचा. वडील शेतात असतात. वारा सुटला की यंत्रात नुसता घोंघावणारा आवाज येतो, मोटार चालू केली की कान दुखतो. शेवटी त्यांनी यंत्रे डबीत घालून डबी देवघरात ठेवली. सवय व्हायची होती ती आम्हालाच झाली, मोठ्याने बोलायची. त्यामुळे इथे कोणी ‘सोसा, सवय होईल’ असे लिहिणार असेल तर माझा विरोध नोंदवून ठेवतो.

ध्वनिलेख
मी व्यवसायाने ऑडिओलॉजिस्ट आहे. रोखठोक यांचा विरोध मला मान्य आहे, आणि मूळ प्रश्नाचे उत्तरही त्यांच्या तक्रारीतच दडलेले आहे. नव्या यंत्राचे त्रास दोन जातींचे असतात. काही त्रास सवयीने जातात, काही फक्त सेटिंग बदलल्याने किंवा कानातला भाग बदलल्याने जातात. दुसऱ्या जातीचा त्रास घेऊन आलेल्या माणसाला सवयीचा सल्ला देणे म्हणजे काम टाळणे आहे.

आधी मुळात काय होते ते सांगतो. वाढत्या वयात अंतर्कर्णातल्या ज्या केशपेशी आधी निकामी होतात त्या उंच पट्टीतल्या आवाजांच्या असतात. बोलण्यातला जोर आ, ई, ऊ अशा स्वरांमध्ये असतो आणि स्वर खालच्या पट्टीत येतात. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर अवलंबून असतो, आणि स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजने मुळात हळू आणि उंच पट्टीतली. म्हणून नदीकाठ यांना बोलणे ऐकू येत होते पण कळत नव्हते. यंत्र नेमका हाच उंच पट्टीतला भाग वाढवून देते. कागदाची करकर, ताटल्यांचा खणखणाट, तेलात पडलेल्या मोहरीची तडतड हेही त्याच पट्टीत असल्यामुळे तेही वाढून येतात. कागदाची करकर ही पहिल्या जातीची तक्रार आहे. काही आठवड्यांत ती कमी होते, काहींना दोन-तीन महिने लागतात, आणि यंत्र जितके कमी लावावे तितका हा काळ लांबत जातो.

ताटल्यांनी दचकायला होणे ही मात्र अर्धी दुसऱ्या जातीची तक्रार आहे. कान कमजोर झाला की हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठा आवाज सहन होण्याची मर्यादा वाढत नाही. ती आहे तिथेच राहते. ऐकू येणे आणि नकोसे होणे यांतले अंतरच कमी होते. त्यामुळे यंत्राने हळू आवाज जास्त वाढवावा, मोठा आवाज कमी वाढवावा आणि एका मर्यादेपलीकडे काहीही जाऊ देऊ नये, अशी व्यवस्था त्यात करता येते. आवाजाने दुखत असेल तर ती मर्यादा खाली आणून घ्यावी. दुखणे सोसू नये.

माठाच्या आवाजाविषयी: आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हाडांतूनही कानाच्या नळीत पोहोचतो. नळी मोकळी असली की तो बाहेर निघून जातो, बुजवली की आतच घुमतो. आपल्या खालच्या पट्ट्या चांगल्या आहेत, तेव्हा बंद डोमऐवजी (डोम म्हणजे स्पीकरच्या टोकावरची कानात बसणारी मऊ टोपी) भोकांचा मोकळा डोम चालेल का हे विचारून पाहा. मोकळ्या डोमने कधी कधी शिट्टी येते, म्हणून प्रत्येकाला तो चालत नाही.

रोखठोक, कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी ठेवून, यंत्र कानात असताना तिथे प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजण्याची एक तपासणी असते. तुमच्या वडिलांची ती झाली होती का? वाऱ्याचा घोंघाट कमी करण्याची सोयही अनेक यंत्रांत असते, पण ती चालू करावी लागते.

रोखठोक
अशी काही तपासणी असते हेच मी आज प्रथम वाचतो आहे. कानात नळी तर सोडाच, कोणी बॅटरीने कानात डोकावूनही पाहिले नव्हते.

मधुमालती
मग आधी कान नाक घसा तज्ज्ञाकडून मळ काढून घ्या. मळाने नळी बुजलेली असेल तर सगळ्या सेटिंगवर पाणी पडते, आणि यंत्र शिट्टी मारते ते वेगळेच.

सागरगोटा
रत्नागिरीहून लिहितो आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर यंत्राचा खरा शत्रू कानातला मळ नसून हवा आहे. दमटपणामुळे यंत्र मध्येच क्षीण होते, मध्येच बंद पडते, आणि माणसाला वाटते आपलेच कान आणखी गेले. रात्री यंत्र सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या) घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. खड्यांचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावेत किंवा नवे आणावेत. यंत्र उन्हात वाळवणे, चुलीजवळ ठेवणे, केस वाळवायचे यंत्र त्यावर फिरवणे असले उद्योग करू नयेत.

ज्यांची यंत्रे सेलवर चालतात त्यांच्यासाठी: हे सेल हवेवर चालतात. मागचे चिकटपट्टीचे रंगीत लेबल काढले की भोकांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. म्हणून लेबल काढल्यावर एक-दोन मिनिटे थांबून मग सेल यंत्रात घालावा. एकदा काढलेले लेबल परत चिकटवून काही वाचत नाही. लेबलाचा रंग आकार सांगतो: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. दुकानदाराला नंबर आठवला नाही तर रंग सांगा. आणि खोबरेल लावायचे असेल तर ते जिरू द्यावे, यंत्र नंतर कानात घालावे. आमच्या आईच्या यंत्राच्या मायक्रोफोनची भोके तेलानेच बुजली होती.

तंबोरा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण सवयीशीच संबंधित आहे. मी आयुष्यभर हौसेने गाणे ऐकले आणि थोडे गायलो. यंत्र लावल्यापासून बोलणे छान कळते, पण तानपुरा सुरू केला की काही क्षणांत तो मागे मागे जातो, आणि बासरीचा लांब स्वर मध्येच थरथरल्यासारखा ऐकू येतो. आधी वाटले वादकाचीच फूंक हलते आहे. सवय होईल म्हणून थांबलो, तरी काही फरक नाही. हे कोणत्या जातीचे दुखणे समजायचे?

ध्वनिलेख
हे शुद्ध दुसऱ्या जातीचे. यंत्र बोलण्यासाठी बनवलेले आहे. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा इंजिन असे गृहीत धरून ते तो दाबते, आणि तानपुरा तर एकसारखाच चालतो. लांब, सरळ, स्थिर स्वर आला की यंत्राला वाटते ही आपलीच शिट्टी, आणि ते तिला खोडण्याच्या प्रयत्नात स्वर हलवून ठेवते. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्या: त्यात गोंगाट दाबणे बंद, शिट्टी खोडणे बंद किंवा अगदी सौम्य, आणि मोठ्या आवाजाला जागा जास्त. जाताना मोबाइलवर आपल्या ओळखीचे रेकॉर्डिंग घेऊन जा आणि तिथेच ऐकून पाहा. बोलण्यासाठी केलेली सवय याला उपयोगी पडत नाही.

तंबोरा
फारच उपकार झाले. म्हणजे तानपुऱ्याला पंखा समजणारे श्रोते बैठकीत पूर्वीही होते, आता ते कानात येऊन बसले एवढेच.

सांजवात
मी यंत्र लावणाऱ्याच्या घरातली बाजू मांडते. माझ्या सासऱ्यांना यंत्र घेतल्यावर आम्हा सगळ्यांना वाटले की आता काम झाले, आणि आम्ही पूर्वीसारखेच स्वयंपाकघरातून ओरडून बोलत राहिलो. ते चिडायचे आणि यंत्र काढून टाकायचे. आता घरात नियम केला आहे की बाबांशी बोलायचे तर त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर जाऊन, आधी ‘बाबा’ म्हणून हाक मारून मग वाक्य सुरू करायचे, ओरडायचे नाही, आणि कळले नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचे. मिक्सर चालू असताना कोणी काही विचारायचेच नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला शिकवली होती. रोज सकाळी यंत्र लावल्यावर मी त्यांच्या मागे दोन-तीन पावलांवर उभी राहून साध्या आवाजात आ, ई, ऊ, म, स, श असे सहा आवाज उलटसुलट क्रमाने म्हणते आणि ते ऐकून परत म्हणतात. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे बोलणे त्यात येते. एके दिवशी डाव्या कानाला ‘स’ आणि ‘श’ दोन्ही गेले, तेव्हा टोकाची जाळी मळाने भरली आहे हे लगेच कळले. नातू आता ही तपासणी माझ्यापेक्षा कडक घेतो.

टवाळ
आमच्या सोसायटीत एका काकांच्या यंत्राचा आवाज मोबाइलवरून कमीजास्त होतो. वार्षिक सभेत देखभाल खर्च वाढवण्याचा विषय निघाला की ते मोबाइल काढतात. उरलेल्या आम्हा सभासदांना ही सोय कधी मिळणार, याची विचारणा मी चिटणिसांकडे लेखी केलेली आहे.

टेम्सतीर
इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेकडून श्रवणयंत्र विनामूल्य वापरायला मिळते, सेल आणि दुरुस्तीही त्यातच येतात. तरीही इथल्या वृद्धांच्या कपाटांत न वापरलेली यंत्रे सापडतातच, त्यामुळे सगळा दोष किमतीचा नाही असे मला वाटते. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा बोलावून विचारपूस झाली की माणूस टिकतो.

एक विनंती: अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय यंत्रे मिळू लागली आहेत, त्यामुळे परदेशातली मुले ती भेट म्हणून आईवडिलांना घेऊन येतात. ऑडिओग्राम काढल्याशिवाय असे करू नका. एकाच कानाने अचानक कमी ऐकू यायला लागले असेल, कान वाहत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर गाठावा, यंत्राचा विचार नंतर.

तांबडी_फीत
किमतीचा विषय निघाला म्हणून सरकारी बाजूची माहिती देतो. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना साहाय्यक साधने देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे आणि तिच्यात श्रवणयंत्र येते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकरकमी ३००० रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद आहे. त्यात डिजिटल यंत्रांची जोडी येणार नाही हे उघड आहे, पण हातभार लागतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून आहे, तिथेही तपासणी होते. यंत्र बसवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. विचारताना संकोच करू नये.

रोखठोक
ध्वनिलेख यांना आणखी एक विचारायचे आहे. त्या दुकानात आम्हाला असेही सांगितले होते की यंत्र वापरले नाही तर वडिलांना स्मृतिभ्रंश होणार. आई तेव्हापासून धास्तावली आहे. यात खरे किती?

ध्वनिलेख
अशी भीती घालून विकणे मला पटत नाही. ऐकू कमी येणे आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे हे खरे आहे, पण संबंध असणे वेगळे आणि ‘होणारच’ म्हणणे वेगळे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या जवळपास हजार व्यक्तींवर तीन वर्षे एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा एकत्र विचार करता यंत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत बौद्धिक घसरणीचा ठळक फरक दिसला नाही. ज्यांना हृदयविकारासारख्या कारणांनी आधीच जास्त धोका होता, त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आईंना एवढेच सांगा. यंत्र लावण्यासाठी माणसांशी बोलता येणे हे कारण पुरेसे आहे.

वडिलांना शेतात यंत्र नको असेल तर तूर्त तो आग्रह सोडा. संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंत रोज लावायला सांगा, आणि दुसरीकडे दाखवून सेटिंग बदलून घ्या. दोन्ही एकदमच करा.

रोखठोक
विरोध तूर्त मागे घेतो. सोलापुरातच दुसरीकडे वेळ घेतली आहे. डबी देवघरातून काढताना आईने आधी नमस्कार केला.

नदीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. इथले प्रतिसाद वाचून मी तक्रारी दोन रकान्यांत लिहून काढल्या, ध्वनिलेख यांच्या दोन जातींप्रमाणे, आणि तो कागद घेऊन आमच्या ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी यंत्रे संगणकाला जोडली. यंत्र रोज सरासरी किती तास कानात होते याची नोंद ते स्वतःच ठेवते, हे मला माहीत नव्हते. पडद्यावरचा आकडा पाहून त्या फक्त हसल्या, आणि मी पंगतीचा विषय स्वतःहून काढला.

बंद डोम काढून मोकळे डोम घातले. माझा आवाज तिथल्या तिथे माझा वाटू लागला. ताटल्यांसाठी वरची मर्यादा खाली आणली. कागदाच्या करकरीला त्यांनी हात लावला नाही. ते कमी केले तर ‘स’ आणि ‘श’ही जातील, असे म्हणाल्या. ते मला पटले, आणि आता पान उलटताना आवाज येतो पण लक्ष जात नाही. यंत्रे सकाळपासून लावतो. चहा ओतण्याचा आवाज इतका मोठा असतो हे मात्र मी विसरूनच गेलो होतो.

टवाळ यांनी पैज जिंकली आहे. शेजाऱ्यांचे यंत्र खरोखरच कपाटात होते, आणि त्याचा एक सेल गळलेला निघाला. आता राहता राहिला प्रश्न पंगतीचा. पुढच्या महिन्यात पुतणीचे लग्न आहे, तिथे यंत्रे खिशात घालता येणार नाहीत.

मधुमालती
मंगल कार्यालयात कोणाचेच यंत्र घरच्यासारखे चालत नाही, एवढी अपेक्षा आधीच कमी करून जा. बहुतेक यंत्रांचे मायक्रोफोन गोंगाटात समोरचा आवाज जास्त घेतात आणि मागचा कमी. म्हणून ज्याच्याशी बोलायचे तो समोर आणि बँड, स्पीकर किंवा वाढप्यांची ये-जा पाठीमागे येईल अशी जागा धरा. स्पीकरपासून जितके लांब बसाल तितके बरे. मोबाइलवर गोंगाटाचा प्रोग्रॅम असेल तर तो दारातच लावा, आणि सहज जाता आले तर पहिल्या पंगतीलाच बसा, तेव्हा गर्दी कमी असते. मी तर अशा वेळी शेजारच्या एकाच माणसाशी बोलायचे ठरवून जाते आणि बाकीच्यांना घरी फोन करते.

टवाळ
आणि वाढप्याला ‘पुरे’ म्हणायचे झाल्यास बोलण्यावर विसंबू नका, ताटावर हात आडवा धरा. जिलबी तरीही पडेल, पण त्याला यंत्र जबाबदार नसेल.